मोजणारी

रात्रपाळी नसते तेव्हा इयरफोन लावून
मी ती भोवऱ्यांच्या झुंजींची मालिका पुन्हा बघते.
माणेजाचा फ्लॅट, पंख्याची टिकटिक,
आणि फोनवर हिंदीत ओरडणारी जपानी पोरं.

पहिल्याच झुंजीला हसू फुटलं.
तीन भाग उलटले तरी भोवरा पडायचं नाव घेत नाही!
मकरपुऱ्याच्या कारखान्यात मी दिवसभर
मोटारींचे बेअरिंग ऐकते,
सळईचं एक टोक यंत्राला, दुसरं कानाला.
घर्षण कुणाचं ऐकत नाही.
जीव तोडून नाव घ्या नाहीतर रडा,
ग्रीस संपलं की संपलं.

शिवाय गर्दी. स्टेडियमभर तेच नऊ चेहरे,
हिरव्या टोपीचा माणूस एका चित्रात चारदा सापडला.
आई तर कुणालाच नाही.
तेरा वर्षांची पोरं देशोदेशी फिरतात,
त्यांचे पासपोर्ट कोण काढतं, काही कळत नाही.

आमचं स्टेडियम म्हणजे आईची पितळी परात,
दांडिया बजारातली तापलेली गच्ची, मे महिना.
निषादचा भोवरा मंगळ बजारचा, पस्तीस रुपयांचा, नकली.
केयूरचा खरा, मामानं मस्कतहून आणलेला,
त्याला हात लावायचा तर आधी हात धुवायचे.
आणि मुनाफनं आपल्या भोवऱ्याच्या टोकाला
सायकलचा छर्रा बसवलेला.
तिघांत तो एकटाच डोकं चालवत होता,
हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

मी मोजायची.
मालिकेतही एक मुलगी होती, हातात वही,
सेकंद टिपणारी, ऐन वेळी किंचाळणारी.
म्हणून मोजणं हे मला मानाचं काम वाटायचं.
तीन, दोन, एक.
आवाज माझा. पट्टी ओढणार ते.

या खेपेला तिच्यावरच नजर ठेवून बसले.
बावीस भाग झाले, तिच्या हातात कुणी भोवरा देत नाही.
एकदाच ती उचलते, दुसऱ्याचा, टवका उडालेला.
ओढणीनं नव्हे, बाहीनं पुसते, आणि परत करते.
ते मी मागे नेऊन नेऊन पाहिलं.
पुसायला चार सेकंद.

एक दुपार मात्र वहीत नाही.
तिघं खाली गोळेवाल्याकडे गेलेले,
परातीशेजारी मुनाफचा भोवरा पडलेला.
मी पट्टी घातली. मोजलं, मनातच.
ओढली.

पितळेवर छर्रा फिरतो तेव्हा
आवाज जवळजवळ नसतोच,
नुसती एक बारीक रेघ ऐकू येते.
एक मिनिट बेचाळीस.
शेवटी तो डुलायला लागला, मोठाली वर्तुळं काढत,
आणि मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी,
चुकून वाचवीन म्हणून.

निषादचा विक्रम अठ्ठावन्न सेकंदांचा.
जिन्यात चपला वाजल्या.
मी भोवरा होता तसा आडवा ठेवून दिला,
आणि केयूरनं विचारलं, परात एवढी का हललीय,
तर म्हटलं, मांजर.

पुढच्या वर्षी मुनाफचं घर तांदळज्याला गेलं.
का, ते मोठी माणसं दार लावून बोलली.
जाताना भोवरा त्यानं निषादला दिला,
छर्रा काढून घेऊन.

शेवटच्या भागात तो दुष्ट पोरगा हरतो
आणि गुडघ्यांवर बसून रडतो.
इथे हसायचं असं ठरवून ठेवलं होतं मी.
जमलं नाही.

निषादला पुण्याला मेसेज केला, बघतेय म्हणून.
लगेच उत्तर: आठवतं ना, मीच जिंकायचो!
लिहिलं, हो.
खोडलं. पुन्हा लिहिलं, हो.

पाचला उठायचंय.
चार नंबरचा पंप कालपासून किंचित खरखरतोय,
कुणालाच ऐकू येत नाही अजून.
छर्रा असेल.